पाचशे त्रेचाळिसांतले दोन

मल्लेश्वरममधलं माझं घर बंगळूर उत्तर या लोकसभा मतदारसंघात येतं. 2024 च्या निवडणुकीत या एकट्या मतदारसंघात 30 लाखांहून अधिक मतदार होते. त्याच निवडणुकीत पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या अख्ख्या गोव्यात 12 लाखही मतदार नव्हते. तरी गोव्यातून दोन खासदार दिल्लीला जातात आणि इथून एक. मी मूळचा डिचोली तालुक्यातला. नोकरीने इकडे आणलं, पुढे मतदारयादीतलं नावही इकडे आलं. तेव्हा बाबा हिरमुसले होते. "इथं तुझं मत कुठं पडतंय याची उमेदवाराला काळजी असते," ते म्हणाले, "तिथं तुला कोण विचारणार?"

बाबांचं म्हणणं आकड्यांनीही खरं ठरतं. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास भरली. एका खासदारामागे सव्वासात लाख माणसं. कर्नाटकात 6 कोटी 11 लाख लोक आणि 28 खासदार. एकामागे जवळपास 22 लाख. इथले माझे मित्र हा हिशेब मांडून विचारतात, की एका गोवेकराच्या मताला तिघा कन्नडिगांच्या मताचं वजन का म्हणून? प्रश्न रास्त आहे, झटकून टाकावा असा नाही. तरीही हा झुकाव मला योग्य वाटतो, आणि वय वाढत चाललंय तसा अधिकच योग्य वाटू लागला आहे. मोठ्या प्रदेशाला आपण आहोत हे कुणाला सांगावं लागत नाही. लहान प्रदेशाला ते दर पिढीत नव्याने सांगावं लागतं, आणि सांगणारा माणूस सभागृहात नसेल तर एक दिवस तो प्रदेश दुसऱ्याच्या नावात मिसळून जातो.

आमच्या इमारतीत कोडगूच्या एक आजी राहतात. त्यांच्या लहानपणी कोडगू म्हणजे कुर्ग हे स्वतंत्र राज्य होतं, घटनेतल्या 'क' वर्गातलं. 1952 मध्ये तिथे 24 आमदारांची विधानसभा बसली, सी. एम. पूणच्चा मुख्यमंत्री झाले आणि लोकसभेत कुर्गचा स्वतःचा एक खासदार गेला. राज्यसभेत मात्र कुर्गला अख्खी जागा नव्हती. कुर्ग आणि अजमेर यांना मिळून एक जागा दिलेली होती! कुठे कावेरीचा उगम, कॉफीचे मळे, चार महिन्यांचा पाऊस. आणि कुठे अरवलीच्या कुशीतलं कोरडं अजमेर. या दोघांनी एकाच तोंडाने बोलायचं होतं. पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला कुर्ग म्हैसूर राज्यात विलीन झालं आणि ते तोंडही गेलं. आता कोडगू हा जिल्हा आहे, म्हैसूरबरोबर एका मतदारसंघात बांधलेला. आजी तक्रार करत नाहीत. एवढंच म्हणतात, "पूर्वी दिल्लीत आमचा माणूस होता. आता म्हैसूरला जो आवडतो तो आमचा." हे त्या इतक्या सहज म्हणतात की ऐकणाऱ्याच्या काळजात काहीतरी हलतं.

गोव्याने परक्या सभागृहात बोलायचं कसं हे दिल्लीच्या फार आधी लिस्बनमध्ये शिकून घेतलं होतं. 1820 मध्ये पोर्तुगालात क्रांती झाली, संविधानाचे वारे सुटले, आणि 1822 मध्ये गोव्यातून तीन प्रतिनिधी निवडले गेले: नेवऱ्याचे बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा, कोन्श्तांसियु रोक द कोश्ता आणि लीमा लैतांव नावाचे एक पोर्तुगीज डॉक्टर. सुएझचा कालवा व्हायला अजून सत्तेचाळीस वर्षं होती. लिस्बन गाठायचं तर आफ्रिकेला वळसा घालून, शिडाच्या जहाजातून, महिनोन्‌महिने. इतका समुद्र ओलांडून जाणाऱ्यांच्या नशिबी काय आलं, तर 1823 मध्ये तिकडे संविधानच गुंडाळलं गेलं आणि राजाची निरंकुश सत्ता परत आली. याच पेरिश द सिल्व्हांना पुढे 1835 मध्ये गोव्याचा कारभार सोपवण्यात आला. गोव्यात जन्मलेला माणूस गोव्याच्या गादीवर बसला, तो पोर्तुगीजांच्या साडेचारशे वर्षांत तेवढाच एक. तीन आठवड्यांच्या आत लष्कराने बंड करून त्यांना हाकललं.

मला त्यांच्यापेक्षाही जवळचे वाटतात ते फ्रान्सिश्कु लुईश गोमिश. जन्म 1829, सासष्टीतल्या नावेलीचा. शिक्षणाने डॉक्टर, अभ्यासाने अर्थशास्त्रज्ञ, 1866 मध्ये पोर्तुगीजमधून कादंबरी लिहिणारा माणूस. 1860 मध्ये ते पोर्तुगीज संसदेवर निवडून गेले. समुद्रापारच्या प्रांतांना संसदेत मुळात प्रतिनिधी असावेत का, इथूनच तिथला वाद होता, आणि तिशी नुकती ओलांडलेल्या या गोवेकराने त्या सभागृहात उभं राहून तो हक्क मांडला. ज्याच्या बसण्यालाच आक्षेप आहे त्याने बसल्या जागेवरून त्या आक्षेपाला उत्तर द्यायचं, याला किती धीर लागत असेल! मोठ्या प्रांताच्या प्रतिनिधीला अशा परीक्षेला कधी बसावंच लागत नाही. गोमिश यांची प्रकृती त्या थंडीत ढासळत गेली. 1869 च्या सप्टेंबरअखेर मायदेशी परतताना जहाजावरच त्यांचा अंत झाला, वय चाळीस. देह समुद्रात सोडला गेला. दीडच महिन्यानंतर सुएझचा कालवा खुला झाला. पणजीच्या कांपालमध्ये त्यांच्या नावाची बाग आहे, तिथे मुलं खेळतात.

हे सगळं मोठेपण मान्य करूनही एक गोष्ट बोलली पाहिजे. त्या प्रतिनिधित्वात माझे पणजोबा नव्हते. हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले ते पोर्तुगालात 1910 मध्ये प्रजासत्ताक आल्यावर, आणि तेही फार टिकले नाहीत. 1930 च्या वसाहत कायद्याने आणि सालाझारच्या राजवटीने गोव्याचं बोलणंच बंद केलं. सभा नाही, वर्तमानपत्राला सेन्सॉर, लग्नपत्रिका छापायलाही परवानगी.

म्हणून 1954 मधला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. एका भोजनसमारंभात कुणीतरी भाषणाच्या ओघात गोवा म्हणजे पोर्तुगालच, असं बोलून गेलं. समोर डॉ. पुंडलिक गायतोंडे बसले होते, नावाजलेले शल्यचिकित्सक. ते उद्गारले, मी निषेध करतो. पोर्तुगीजमध्ये अवघे दोन शब्द. त्या दोन शब्दांसाठी त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आलं. पुढे 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, 1962 मध्ये घटनेची बारावी दुरुस्ती झाली, आणि निवडणुका होईपर्यंत लोकसभेत गोव्याच्या वतीने दोघांची नियुक्ती झाली: डॉ. आंतोनियु कुलासो आणि डॉ. पुंडलिक गायतोंडे. जेवणाच्या टेबलावर तोंड उघडलं म्हणून ज्याला देशाबाहेर नेलं, त्याला आठ वर्षांनी बोलण्यासाठीच दिल्लीत बोलावलं गेलं. आमच्या गोव्याच्या संसदीय इतिहासाची ही सुरुवात आहे, आणि याहून चांगली सुरुवात कुठल्या राज्याच्या वाट्याला आली असेल असं मला वाटत नाही.

1963 च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. मुकुंद शिंक्रे आणि पीटर आल्वारिस निवडून आले. आल्वारिस समाजवादी, मुक्तीलढ्याच्या काळात नॅशनल काँग्रेस गोवाची धुरा त्यांनी वाहिली होती आणि त्या लढ्याची बरीच सूत्रं बेळगावातून हलत होती. आज ज्या कर्नाटकाशी आमचा पाण्यावरून तंटा आहे, त्याच्याच एका शहराने आमच्या सत्याग्रहींना थारा दिला होता, हे आम्ही गोवेकरांनी विसरू नये.

मग आला 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात जावा की केंद्रशासित राहावा? विलीनीकरणाला चिन्ह फूल, वेगळेपणाला दोन पानं. डिचोली, पेडणे, सत्तरी या आमच्या पट्ट्यात फुलाचा जोर. आजोबांनी फुलावर शिक्का मारला. घरात ज्ञानेश्वरी, शाळेत मराठी, भजनात तुकाराम. त्यांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मतं पडली आणि विरोधात 1,72,191. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत, असं आजी सांगायची.

मी मराठीतच लिहितो, मराठीतच रडतो-हसतो, आणि तरीही आज मला त्या निकालाचं समाधान वाटतं. कारण समजावं म्हणून तेरेखोलची खाडी ओलांडून पलीकडे पाहायचं. तिथे सिंधुदुर्ग आहे. तीच तांबडी माती, तीच माडांची रांग, तोच दशावतार. त्या भूमीचा आवाज एके काळी लोकसभेत घुमत होता: राजापूर मतदारसंघातून वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै, आणि त्यांच्यानंतर 1971 पासून सलग पाच वेळा मधु दंडवते. सभागृह कान टवकारून ऐकायचं अशी ही माणसं. 2008 च्या पुनर्रचनेत राजापूर मतदारसंघ संपला. रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एक केला गेला. साडेआठ लाखांच्या सिंधुदुर्गाला आज पूर्ण एक खासदारही नाही, अर्धाच वाट्याला येतो. फूल जिंकलं असतं तर आमच्या दोन जागाही 48 जागांच्या राज्यात प्रत्येक पुनर्रचनेच्या टेबलावर आल्या असत्या. आजोबांना हे पटलं नसतं. पण त्यांच्याशी या विषयावर एकदा सावकाश बोलायला मिळायला हवं होतं.

गोव्याच्या त्यानंतरच्या खासदारांच्या नावांची जंत्री तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते, इतकी ती आटोपशीर आहे. एरास्मु सिकेरा, पुरुषोत्तम काकोडकर, अमृत कांसार, शांताराम नाईक, हरीश झांट्ये. मुरगावातून पाच वेळा निवडून गेलेले आणि परराष्ट्र राज्यमंत्री झालेले एदुआर्दु फालेरो. 1989 मध्ये पणजीतून गेलेले प्रा. गोपाळराव मयेकर, ज्यांची ज्ञानेश्वरीवरची व्याख्याने ऐकत आमच्या तालुक्यातली एक पिढी वाढली. 1999 पासून सलग सहा वेळा श्रीपाद नाईक. राज्यसभेत तर 1987 पर्यंत गोव्याच्या नावाची जागाच नव्हती. 30 मे 1987 ला गोवा घटक राज्य झाला तेव्हा एक मिळाली, ती आजवर एकच आहे. आणि संसदेने 1992 मध्ये कोकणी, मणिपुरी, नेपाळी या तीन भाषा एकाच दुरुस्तीने आठव्या अनुसूचीत घेतल्या तेव्हा गोवा, मणिपूर आणि सिक्कीम या तिन्ही राज्यांचे लोकसभेतले खासदार मिळून होते फक्त पाच! हे मला पुनःपुन्हा आठवतं. पाच जणांच्या बळावर तीन भाषा राज्यघटनेत गेल्या, असं म्हणणं अतिशयोक्त होईल. त्यामागे रस्त्यावरची मोठी आंदोलनं होती. पण ते पाच तिथे नसते तर त्या आंदोलनांना दिल्लीत दार उघडायला कुणी नव्हतं.

या नावांत एकच बाई आहे. संयोगिता राणे, 1980, पणजी, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. त्यांच्या आधी लोकसभेत गोव्याची बाई नव्हती आणि नंतरही गेली नाही. ही रुखरुख अधिक तीव्र होते ती 1996 च्या एका दिवसामुळे. पंतप्रधान कर्नाटकाचे एच. डी. देवेगौडा, कायदा खात्याचे राज्यमंत्री पणजीचे खासदार रमाकांत खलप. 12 सप्टेंबरला महिलांना एक तृतीयांश जागा देणारं पहिलं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं ते खलपांनी. एवढ्या मोठ्या विचाराचा पहिला उच्चार आमच्या माणसाच्या तोंडून झाला याचा मला अभिमान आहे. पण त्या मसुद्यात लोकसभेच्या तीनपेक्षा कमी जागा असलेल्या राज्यांसाठी आरक्षणाची सोय नव्हती. म्हणजे मांडणाऱ्याचं स्वतःचं राज्यच त्यातून सुटत होतं. गीता मुखर्जींच्या समितीने ही उणीव हेरली आणि लहान राज्यांनाही सामावून घ्या असं सुचवलं. 2023 मध्ये अखेर कायदा झाला, तोही जनगणना आणि पुनर्रचनेच्या अटीवर. लहान असण्याची एक किंमत अशी असते: दिल्लीत कुणी सूत्र लिहायला बसतं तेव्हा भागाकारात उरलेली बाकी म्हणजे आपण असतो.

आता पाण्याकडे येतो. त्याशिवाय बंगळुरातल्या गोवेकराचं मन पूर्ण सांगून होत नाही.

खानापूर तालुक्यात, बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी बोलणाऱ्या डोंगरपट्ट्यात, म्हादई उगम पावते आणि गोव्यात येऊन मांडवी होते. त्याच तालुक्यातल्या कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. एकाच डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसातला थोडा पूर्वेला जातो, थोडा पश्चिमेला. म्हादईचे कळसा-बंडुरा हे नाले मलप्रभेकडे वळवावेत ही कर्नाटकाची जुनी मागणी. 2017 च्या डिसेंबरात नरगुंद, नवलगुंद भागातले शेतकरी त्यासाठी बंगळूरला आले आणि आमच्या मल्लेश्वरममध्ये एका पक्षाच्या कार्यालयासमोर ऐन थंडीत रस्त्यावर बसले. त्यात म्हाताऱ्या बाया होत्या. ज्वारीच्या भाकऱ्या बांधून आणल्या होत्या त्यांनी. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये एका आजोबांशी बोललो. कुठला तू, असं त्यांनी विचारलं. मी गोव्याचा, म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ते म्हणाले, "तुमच्या नदीला समुद्र प्यायला मिळतो. आमच्या मुलांना घोटभर तरी द्या." मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही. त्यांची तहान खरी होती. आणि मांडवीत गोडं पाणी कमी झालं की खाडीचं खारं पाणी आत आत सरकतं, खाजन शेती मरते, सत्तरीचं जंगल सुकतं, हेही तितकंच खरं आहे.

लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये निवाडा दिला: कर्नाटकाला 13.42 टीएमसी, गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. निवाडा बरोबर की चूक, हे ठरवण्याइतका जाणकार मी नाही. मला दिसतं ते एवढंच, की हा प्रश्न जेव्हा जेव्हा न्यायालयातून दिल्लीच्या राजकारणात उतरतो, तेव्हा एका बाजूला लोकसभेतले 28 आणि राज्यसभेतले 12 असतात, दुसऱ्या बाजूला 2 आणि 1. दिल्लीत सरकार कुणाचंही असो, अठ्ठावीस जागा नाराज करायचं धाडस कुणी सहजी करत नाही. नदीला मात्र मतदारसंख्या कळत नाही. भीमगडच्या झाडांना, म्हादई अभयारण्यातल्या वाघाला आणि त्या भाकरी बांधून आलेल्या बाईच्या शेतालाही नाही. यातल्या प्रत्येकाच्या वतीने बोलणारं कुणी तरी असावं, म्हणून सभागृहं बांधली ना आपण?

गेल्या काही वर्षांत मात्र बंगळुरात निराळंच ऐकू येतं. लोकसभेच्या राज्यवार जागा 1971 च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत. 1976 मध्ये आणीबाणीत हे ठरलं आणि 2001 मध्ये 84 व्या दुरुस्तीने ते 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवलं गेलं. तो बर्फ वितळायची वेळ आली तसं दक्षिणेला भय वाटू लागलं, की कुटुंबं लहान ठेवली, मुली शिकवल्या, आणि त्याची शिक्षा म्हणून आपला वाटा घटणार. 22 मार्च 2025 ला चेन्नईत याच प्रश्नावर दक्षिणेसह अनेक राज्यांचे नेते जमले, त्यात कर्नाटकाचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार होते. मला तीन मतांचा हिशेब विचारणारे माझे मित्र आता चहाच्या टेबलावर तळमळून सांगतात, की फक्त डोकी मोजून राज्याची किंमत करता येत नाही. भाषा, इतिहास, कर, पाणी, काही मोजणार की नाही? त्यांचं बोलणं ऐकताना मला गोमिश आठवतात, आणि गायतोंडे. ज्या धास्तीत गोवा पहिल्यापासून राहत आला, ती सहा कोटींच्या राज्याच्या दारात आली आहे. मला यात कसलंही समाधान वाटत नाही. उलट वाटतं, की आता तरी हे दोन शेजारी एकमेकांचं ऐकतील.

ऐकून घ्यायची जागा लोकसभा नव्हे, राज्यसभा आहे. तिथेही आपण जागा लोकसंख्येवरच वाटल्या: उत्तर प्रदेशला 31, गोव्याला 1. अमेरिकेत अवघ्या काही लाखांच्या वायोमिंगला कॅलिफोर्नियाइतकेच दोन सिनेटर मिळतात; आपल्या घटनाकारांनी ती वाट घेतली नाही, आणि फाळणीनंतरच्या त्या दिवसांत त्यांना केंद्र मजबूत हवं होतं हे समजण्यासारखं आहे. पण 2010 मध्ये न्यायमूर्ती पुंछी आयोगाने राज्यसभेत सर्व राज्यांना समान जागा द्याव्यात अशी शिफारस केली होती. ती धूळ खात पडली आहे. लोकसभेचे आकडे बदलणारच असतील तर हा कागद त्याच दिवशी टेबलावर यावा, असा आग्रह कर्नाटक आणि गोवा या दोघांनी मिळून धरला पाहिजे. अगदी समान नको, तीन-चार तरी. गोव्याला अशा जागा मिळाल्या तर त्यातली पहिली गावडा, कुणबी किंवा वेळीप समाजातल्या बाईकडे जावी. या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायलाच 2003 उजाडलं. तिने आपलं पहिलं भाषण म्हादईवर करावं, आणि ते करण्याआधी एकदा नरगुंदला जाऊन यावं.